देवीची लस आणि चष्मा सुटलेले डोळे

चष्मा सुटावा म्हणून लेसरची शस्त्रक्रिया करवून घेणारे तरुण आतां पुष्कळ घरांत दिसतात. त्यांचा देवीच्या लशीशीं कांहीं संबंध असेल, हें आम्हांसही प्रथम खरें वाटलें नाहीं. परंतु अमेरिकेनें डिसेंबर २००२ मध्यें सैनिकांस ही लस पुन्हां टोचण्याचें ठरविलें, तेव्हां प्रश्न उभा राहिला. लशींतील 'व्हॅक्सिनिया' विषाणु जिवंत असतो. खपली गळेपर्यंत, म्हणजे दोन-तीन आठवडे, तो दंडावरील फोडापासून बोटांस लागूं शकतो. शस्त्रक्रियेनंतर डोळा चुरचुरतो, हात नकळत तिकडे जातो. त्यांत स्टेरॉइडच्या थेंबांनीं डोळ्याची प्रतिकारशक्ति मंदावलेली! बुबुळावरील पारदर्शक पडद्यास व्रण पडला, तर दृष्टि कायमची अधू होण्याची भीति. म्हणून थेंब चालू असेतों अशांस लस लांबणीवर टाकण्यांत येते. आपल्या मुलांस हल्लीं टोचतात त्या लशींत मात्र हा विषाणु नसतो.