ताडोबाची सहल : उसाचं पाणी देऊन निघा

ऊस सोडून जायचं कसं, या विचारात पोरांना ताडोबाचं तळं दाखवायचं राहूनच जातं. पण थंडीत भारी जमिनीतल्या उसाला दोन पाण्यांत १५ ते २० दिवसांचं अंतर चालतं. तोड जवळ नसेल, तर पाणी देऊन दोन दिवस खुशाल निघावे.

चंद्रपूरहून मोहर्ली फाटक सुमारे ३० किलोमीटर. मंगळवारी उद्यान बंद असते. हे न विचारता आम्ही एकदा मंगळवारीच गेलो. फाटकावरून परतताना पोरगी वाटभर बोलली नाही. म्हणून आधी वार पाहावा, प्रवेशाची नोंदणी वन विभागाच्या संकेतस्थळावर करावी, मूळ ओळखपत्र सोबत ठेवावे. पहाटे उघड्या गाडीत थंडी झोंबते, पोरांना कानटोपी घालावी. तळ्यात मगरी आहेत, गाडीतून उतरू नये.