ओपीडी आणि प्रयोगशाळेच्या मधले तास

सकाळी ८. परळ. परवा रात्री नऊला शेवटचं इंजेक्शन दिलं, आज ३५ तासांनी आयव्हीएफसाठी स्त्रीबीजं काढायची. जास्त उशीर झाला तर पुटिका फुटतात, बीजं हाती लागत नाहीत. भ्रूणतज्ज्ञ बीजं वेचून घेते. उरलेला द्रव एरवी टाकून देतात. माझी पीएचडी त्या द्रवातल्या ग्रॅन्युलोसा पेशींवर आहे, पीसीओएस हा बीजकोशाचा विकार असलेल्या स्त्रियांच्या.

९. नमुना बर्फात घालून प्रयोगशाळेत. सेंट्रिफ्यूज, पेशी रक्तापासून वेगळ्या करणं, मग उणे ८० अंशांना. इथे चहाला थांबता येत नाही. आरएनए तुटायला लागतं.

११. ओपीडी.

१. संमती. दिवसातलं सर्वांत अवघड काम हेच. फॉर्म मराठीत आहे, तरी वाचून झाल्यावर पेशंट विचारते, "डॉक्टर, यानं मला दिवस राहतील ना?"

"नाही ताई. यातून तुम्हाला काही मिळणार नाही. नाही म्हणालात तरी उपचार हेच राहतील."

एमएसच्या तीन वर्षांत धीर द्यायला शिकले. धीर न देता खरं सांगून गप्प बसायला संशोधनानं शिकवलं. तिचा होकार लगेच घेत नाही. घरी विचारून या, म्हणते.

३. पुन्हा प्रयोगशाळा. तुलनेसाठी ज्यांच्या नवऱ्यांच्या शुक्राणूंत दोष आहे अशा स्त्रियांचे नमुने लागतात, आणि ते कमी पडताहेत. तेवढ्यात वॉर्डातून फोन, म्हणजे संशोधनाचा वेळ गेला. अमेरिकेत एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेनं १९९८ मध्ये तरुण स्त्रीरोगतज्ज्ञांसाठी योजना काढली, तीत सुमारे ७५ टक्के वेळ संशोधनासाठी राखलेला. आपल्याकडे हा वेळ ज्याचा त्यानं चोरायचा. हे बदलायला हवं, असं मला ठामपणे वाटतं.

दवाखाना आणि प्रयोगशाळा जोडीनं चालू शकतात. याच परळमध्ये केईएम रुग्णालय आणि प्रजनन संशोधन संस्थेनं मिळून काम केलं, म्हणून ६ ऑगस्ट १९८६ ला डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून भारतातली पहिली म्हणून गाजलेली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. त्या संस्थेचे डॉ. आनंद कुमार यांनी पुढे कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखर्जींच्या नोंदी वाचल्या आणि १९९७ मध्ये जाहीर लिहिलं, की पहिला मान मुखर्जींचा. त्यांच्या प्रयत्नातून १९७८ मध्येच मुलगी जन्मली होती. मुखर्जींच्या हयातीत त्यांच्यावर फारसा कुणी विश्वास ठेवला नव्हता. १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली होती.

६. वहीत आजच्या नोंदी, शाईनं. चुकलेला आकडा खोडायचा नाही. एक रेघ मारून शेजारी नवा लिहायचा. मग गाइडची सही.