परवडत नाही, पण कुणाला?

"हे सगळं अमेरिकेत ठीक आहे हो, आपल्याला नाही परवडत." रुग्णालयात लागणाऱ्या संसर्गाचा विषय काढला की हे वाक्य आलंच. डॉक्टर म्हणतात, व्यवस्थापक म्हणतात, वर नातेवाईकही माना डोलावतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022च्या अहवालानुसार गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत रुग्णालयात दाखल झालेल्या शंभरातल्या 15 जणांना असा संसर्ग होतो. श्रीमंत देशांत 7 जणांना. म्हणजे ज्यांना 'परवडत नाही', तेच दुपटीनं भरतात.

आता खर्च कसला, तेही पाहा. मिशिगनमधल्या शंभरेक अतिदक्षता विभागांनी मोठ्या शिरेत नळी (सेंट्रल लाइन) घालताना पाच गोष्टी पाळल्या. हात धुवायचे. टोपी, मास्क, गाऊन घालून रुग्णावर पूर्ण निर्जंतुक चादर पसरायची. त्वचेला क्लोरहेक्सिडिन लावायचं. जांघेतली शीर शक्यतो टाळायची. आणि गरज संपली की नळी काढायची. नियम मोडला आणि घाई नसेल, तर काम तिथंच थांबवायचं. पीटर प्रोनोव्होस्ट आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये निकाल छापला: नळीच्या दर हजार दिवसांमागे रक्तातला संसर्ग सरासरी 7.7 होता, तो दीड वर्षात 1.4वर आला. यात कोट्यवधींचं यंत्र कुठं दिसतंय?

खरी गोम बिलात आहे. संसर्ग झाला की आयसीयूचे वाढीव दिवस, ब्लड कल्चर, मेरोपेनेम-कोलिस्टिनसारखी अँटिबायोटिक्स, सगळं रुग्णाच्या नावावर चढतं. हात निर्जंतुक करायच्या हँडरबची बाटली मात्र रुग्णालयाच्या खर्चात! मग महाग काय वाटणार? महात्मा फुले जन आरोग्य योजनेसारख्या ठिकाणी शस्त्रक्रियेचं पॅकेज ठरलेलं असतं. तिथं हेच वाढीव दिवस रुग्णालयाच्या अंगावर येतात. अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्यानं ऑक्टोबर 2008 पासून रुग्णालयातच लागलेल्या काही ठरावीक संसर्गांचे जादा पैसे देणं बंद केलं, तेही याच हिशेबानं.

फुकटात काहीच होत नाही, हेही खरं. पुरेशा नर्स लागतात आणि पगार द्यावे लागतात. शिवाय वाचलेला दिवस लगेच रोख होऊन गल्ल्यात पडत नाही. वीज, पगार तेवढेच राहतात. रिकामी होते ती खाट, आणि बाहेर ताटकळणाऱ्याला ती मिळते. हिशेब मांडायचा तर तो खाटेचा मांडा.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. हातमोजे घातले की हात धुवायला नकोत? मोज्यांना बारीक छिद्रं असू शकतात, आणि काढताना हात माखतातच. फॉर्मेलिनची धुरी दिली की ऑपरेशन थिएटर सुरक्षित? त्या धुरीतल्या फॉर्माल्डिहाइडमुळे कर्करोग होऊ शकतो. पृष्ठभाग घासून पुसायला पर्याय नाही. टाके निघेपर्यंत अँटिबायोटिक चालूच ठेवलेलं बरं? शस्त्रक्रिया आटोपल्यावर प्रतिबंधक डोस लांबवू नका, असं जागतिक आरोग्य संघटना 2016 पासून सांगते आहे. त्या जादा डोसांचा खर्च मात्र 'परवडत नाही' असं कुणी म्हणत नाही.