२७ कोटींचं नाव

आमच्या बीड जिल्ह्यातल्या पाटोद्यात दुकानातल्या बरणीतून जे निघतं ते चॉकलेट. कोकोचा वास असो वा नसो, लिमलेटची गोळीसुद्धा चॉकलेटच! त्यातल्या एका चॉकलेटला तर चक्क एका गावाचं नाव: रावळगाव. हे गाव नाशिक जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९३३ मध्ये तिथं साखरेचा उद्योग मांडला. १९४२ पासून गोळ्या निघाल्या, त्या गावाच्याच नावानं. मागून पान पसंद, मँगो मूड, कॉफी ब्रेक ही भावंडं आली. (पार्लेवाल्यांनी तरी वेगळं काय केलं? १९२९ मध्ये विलेपार्ल्यात सुरुवात केली आणि उपनगराचं नाव पुड्यावर चढवलं.)

फेब्रुवारी २०२४ मध्ये रिलायन्सच्या कंपनीनं ही गोळ्यांची नावं विकत घेतली. किंमत २७ कोटी रुपये! जमीन, इमारती, यंत्रं मूळ कंपनीकडेच राहिली. पैसे मोजले ते ट्रेडमार्कचे आणि गोळ्या कशा करायच्या त्या कृतींचे.

२७ कोटी म्हणजे किती? रुपयाला एक गोळी धरा. झाल्या २७ कोटी गोळ्या. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या होती सव्वाअकरा कोटी. तान्ह्या बाळापासून पणजोबांपर्यंत प्रत्येकाच्या हातावर दोन-दोन ठेवल्या तरी साडेचार कोटी उरतात! सेकंदाला एक या वेगानं मोजायला बसा. झोपायचं नाही, जेवायला उठायचं नाही. पहिलीच्या पहिल्या दिवशी बसलेलं पोरगं शेवटची गोळी मोजेपर्यंत नववीची सहामाही उलटलेली असेल.

आता ओळीनं मांडू. कागदासकट गोळी अडीच सेंटिमीटर धरली, तर रांग होते पावणेसात हजार किलोमीटर. मुंबई-पुणे पंचेचाळीस वेळा! रांग नको, साठा करू. वीस फूट रुंद, तीस फूट खोल विहीर घ्या. अशा पाच विहिरी काठोकाठ भरतील. एवढ्या गोड विहिरी बालाघाटात कुणी पाहिल्यात?

पण आमच्या तालुक्याला खरा हिशेब कळतो तो उसाचा. दसरा झाला की इथल्या ऊसतोड टोळ्या मुकादमाची उचल घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागतात. तेव्हा गोळीचं वजन चार ग्रॅम आणि त्यात निम्मी साखर धरू. सगळ्या मिळून ५४० टन साखर. दहा टक्के उतारा धरला तर ऊस लागला ५,४०० टन! एक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दिवसाला दोन टन तोडते असं म्हणा. दीडशे दिवसांच्या हंगामात अठरा जोड्या पहाटेपासून राबतील तेव्हा हा ऊस तुटेल. वाहून न्यायला दोन टनी २,७०० बैलगाड्या. त्यांना ५,४०० बैल. एकामागं एक जुंपल्या तर वीस किलोमीटरची रांग, आणि ती सगळी जिभेवर विरघळणाऱ्या एका गोळीपायी!

आणि हे २७ कोटी १९४२ पासूनच्या ८२ वर्षांवर वाटले, तर दिवसाला जेमतेम नऊ हजार रुपये पडतात. तीन पिढ्यांच्या तोंडी बसलेल्या नावाला एवढेच? माझ्या मते सौदा स्वस्तात गेला.