हॉप्सप्रधान क्राफ्ट बिअरचे परीक्षण : कडूपणाच्या मूल्यमापनाचा प्रश्न

प्रस्तावना :

माल्टचा गोडवा आणि हॉप्स या वेलीच्या फुलांचा कडूपणा यांच्या तोलावर बिअरची चव उभी असते. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील मोठ्या कारखान्यांच्या बिअरमध्ये हा कडूपणा नाममात्र उरला होता. १९७२ मध्ये तेथे 'कॅस्केड' हे हॉप्सचे वाण लागवडीसाठी प्रसारित झाले आणि १९७५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील अँकर ब्रुइंग कंपनीने या वाणाचा वापर करून 'लिबर्टी एल' ही बिअर तयार केली. संत्र्याच्या व ग्रेपफ्रूटच्या सालीची आठवण करून देणाऱ्या या गंधातून पुढे 'अमेरिकन इंडिया पेल एल' हा प्रकार आकारास आला. या नावातील 'इंडिया' हा शब्द ब्रिटनमधून भारतात निर्यात होणाऱ्या बिअरशी निगडित आहे. कोणा एका उत्पादकाने ती खास भारतासाठी शोधून काढली, ही आख्यायिका मात्र पुराव्यावर टिकत नाही. उष्ण प्रदेशाकडे जाणाऱ्या बिअरमध्ये जादा हॉप्स घालण्याची प्रथा आधीपासूनच होती.

प्रस्तुत लेखात अशा बिअरचे परीक्षण कसे केले जाते आणि 'कडू' या एका शब्दाने त्यात कोणता घोटाळा होतो, याचा विचार केला आहे.

कडूपणाचे मापन :

हॉप्समधील अल्फा आम्ले मुळात पाण्यात फारशी विरघळत नाहीत. माल्टचा अर्क उकळताना त्यांची रचना बदलते व तयार झालेली आयसो-अल्फा आम्ले बिअरला कडूपणा देतात. हा कडूपणा आयबीयू या एककात सांगितला जातो. १ आयबीयू म्हणजे स्थूलमानाने एका लिटरमध्ये १ मिलिग्रॅम आयसो-अल्फा आम्ल. परंतु प्रयोगशाळेतील प्रचलित पद्धतीत बिअरच्या द्रावक-अर्काने २७५ नॅनोमीटर तरंगलांबीचा किती प्रकाश शोषला, एवढेच मोजले जाते. त्या मोजणीत इतर घटकही मिसळतात. किण्वनानंतर थंड बिअरमध्ये हॉप्स भिजत घालण्याच्या, म्हणजेच ड्राय हॉपिंगच्या, पद्धतीत तर हा आकडा आणि जिभेचा अनुभव यांची फारकत अधिकच होते.

शिवाय आकडा तोल सांगत नाही. बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम या संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेत अमेरिकन आयपीएसाठी ४० ते ७० आयबीयू ही मर्यादा आहे, तर इम्पीरियल स्टाउट या काळ्या, दाट बिअरसाठी ५० ते ९०. तरीही माल्टच्या भरीवपणामुळे दुसरी बिअर अनेकदा कमी कडू भासते. बाटलीवर मोठा आयबीयू छापण्याची हौस म्हणूनच परीक्षकाच्या उपयोगाची नाही.

परीक्षणाची रीत :

याच संस्थेच्या गुणपत्रिकेत एकूण ५० गुण असतात. त्यांपैकी गंधास १२, रूपास ३, चवीस २०, मुखस्पर्शास ५ आणि एकंदर प्रभावास १० गुण दिले जातात. गंध प्रथम नोंदवावा लागतो, कारण हॉप्समधील सुगंधी तेले लवकर उडून जातात आणि नाकही थोड्या वेळात त्या वासाला सरावते. नाक बधिरल्यासारखे वाटल्यास परीक्षक स्वतःच्या बाहीचा वास घेतात. हा उपाय गावठी वाटला तरी तो उपयोगी पडतो. वाइनप्रमाणे घोट थुंकून टाकला जात नाही. तो गिळून नाकावाटे श्वास सोडला म्हणजे मागे रेंगाळणारा गंध व कडूपणा कळतो. कडूपणा तोंडात साठत जातो. त्यामुळे हॉप्सप्रधान नमुने सौम्य नमुन्यांनंतर ठेवतात आणि मध्ये पाणी व बिनमिठाची बिस्किटे किंवा पाव देतात. परीक्षक आपले गुण आधी स्वतंत्रपणे लिहितात, चर्चा नंतर होते.

कडू आणि तुरट :

खरी अडचण येथून सुरू होते. कारल्याचा कडूपणा जिभेवर चव म्हणून उमटतो. कच्च्या सुपारीचा तुरटपणा तोंड कोरडे करतो, जीभ व हिरड्या आक्रसल्यासारख्या वाटतात. आयुर्वेदातील षड्रसांत 'तिक्त' आणि 'कषाय' हे दोन स्वतंत्र रस मानलेले आहेत. (मराठीतील 'कडू' हा शब्द 'कटु'पासून आला असला तरी आयुर्वेदातील कटु रस हा तिखटाचा आहे, ही आणखी एक गंमत.) हा भेद मराठी भाषकाच्या जिभेवर लहानपणापासून असतो. अमेरिकन आयपीएमध्ये स्वच्छ, लवकर ओसरणारा कडूपणा हा गुण होय. हॉप्सच्या पानाफुलांतील पॉलिफेनॉल अतिरिक्त प्रमाणात उतरल्याने येणारा तुरटपणा हा दोष होय. दोहोंना 'फार कडू' असा एकच शेरा मिळाला, तर उत्पादक हॉप्सची उकळ कमी करील, आणि खरे कारण, म्हणजे ड्राय हॉपिंगचे प्रमाण किंवा कालावधी, तसेच राहील.

प्रकाश, प्राणवायू आणि वाण :

काही दोष हॉप्समुळेच संभवतात. प्रकाश पडल्यास बिअरमधील रायबोफ्लेविनच्या साहाय्याने आयसो-अल्फा आम्लांचे विघटन होते आणि स्कंक या प्राण्याच्या दुर्गंधीसारखा वास येतो. तपकिरी बाटली हा प्रकाश बराचसा अडवते, हिरवी फारसा नाही. प्राणवायूच्या संपर्काने सुगंध मावळतो, चव मधासारखी वा ओल्या पुठ्ठ्यासारखी होते. हॉप्समधील विकरांमुळे बिअर पुन्हा किंचित आंबू लागली, तर डायअॅसिटिलचा लोण्यासारखा वास येतो.

मात्र प्रत्येक अपरिचित वास दोष नसतो. सिमको व सिट्रा या वाणांत गंधकयुक्त थायॉल संयुगे आढळतात. त्यांचा वास कोणाला काळ्या मनुकांसारख्या आंबटगोड बेरीचा, तर कोणाला मांजराच्या मुताचा वाटतो. अशा वेळी एका परीक्षकाने ३८ आणि दुसऱ्याने २६ गुण दिले, तर सरासरी काढून मोकळे होणे योग्य नाही. नमुना दोघांनी पुन्हा हुंगावा, वास कशाचा हे ठरवावे आणि पत्रिकेत 'दुर्गंध' असा शब्द न लिहिता वासाचे नाव लिहावे. उत्पादकाला आपण कोणते वाण वापरले आहे हे ठाऊक असते.