आधी ब्रेक, मग वेग

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहराच्या उत्तरेस मरीन काउंटी हा डोंगराळ प्रदेश आहे. तेथील फेअरफॅक्स गावाजवळच्या कच्च्या वाटेवर २१ ऑक्टोबर १९७६ रोजी काही तरुणांनी सायकलची शर्यत लावली. वाट जेमतेम तीन किलोमीटरची; पण तेवढ्यात ती सुमारे ४०० मीटर खाली उतरत होती. सायकली १९३०-४०च्या दशकांतल्या, जुन्या आणि जडशीळ. पेडल उलटे दाबले की मागचे चाक आवळले जाई, हाच बहुतेकांचा मुख्य ब्रेक. उतारावर तो इतका तापे की हबमधले ग्रीस जळून धूर निघे. खाली पोहोचल्यावर हब उघडून नवे ग्रीस भरावे लागे. ‘पुन्हा भरणे’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून त्या वाटेचे नावच ‘रीपॅक’ पडले.

डोंगरउताराच्या सायकलीचा इतिहास असा जळालेल्या ब्रेकपासून सुरू होतो. पुढच्याच वर्षी, १९७७ मध्ये, जो ब्रीझ या तरुणाने खास अशा वाटांसाठी स्वतःच्या हाताने फ्रेम बांधली. १९८९ मध्ये पॉल टर्नर यांच्या ‘रॉकशॉक्स’ने पुढच्या चाकासाठी धक्के शोषणारा फोर्क बाजारात आणला. त्याची हालचाल अवघी दोन इंच, म्हणजे ५० मिलिमीटर. आज उताराच्या शर्यतीच्या सायकलीचे चाक सुमारे २०० मिलिमीटर वर-खाली सरकते. या अंतरालाच ‘ट्रॅव्हल’ म्हणतात.

अशी सायकल तयार विकत मिळते. तरीही जाणकार ती सुटे भाग निवडून बांधून घेतात. त्यात हौस असते, पण खरे कारण शरीराच्या मापाचे आहे. मागचा शॉक ॲब्सॉर्बर स्वतः साधारण ७५ मिलिमीटरच दबतो. जोडदांड्यांच्या तरफेमुळे चाकाला २०० मिलिमीटरची हालचाल मिळते. त्या शॉकवरील स्प्रिंगवर ४५० असा आकडा असेल, तर ती एक इंच दाबण्यास ४५० पौंडांचा भार लागतो. स्वार हेल्मेट व इतर साहित्यासह सायकलवर उभा राहिला की मागची हालचाल सुमारे तीस टक्के, म्हणजे २०० पैकी ६० मिलिमीटर, वापरली जावी असा संकेत आहे. फार दबली तर मोठ्या धक्क्याला जागा उरत नाही. कमी दबली तर चाक खडकावरून उडते आणि पकड सुटते. म्हणजे ऐंशी किलोच्या माणसासाठी बसवलेली महागडी स्प्रिंग पंचावन्न किलोच्या मुलाला लाभाची नव्हे, अपायाची ठरते.

दुसरी काळजी मापे जुळण्याची. मागच्या हबची रुंदी काही फ्रेममध्ये १४८, तर काहींमध्ये १५७ मिलिमीटर असते. एवढ्या नऊ मिलिमीटरांच्या फरकाने उत्तम चाक निरुपयोगी ठरू शकते. म्हणून आधी फ्रेम निश्चित करावी, तिची सर्व मापे कागदावर उतरवावीत आणि मगच बाकीची खरेदी करावी. सवलतीच्या मोहाने सुटे भाग आधी घेऊन ठेवणाऱ्याचा माल बहुधा पडून राहतो, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

तिसरी गोष्ट खर्चाच्या क्रमाची. घरातील तरुणाने अशी सायकल मागितली, तर त्याच्या यादीत रंग, वजन आणि नामांकित फोर्क वर असतात, ब्रेक खाली. हा क्रम उलटा करावा. चार पिस्टनचे, तेलावर चालणारे डिस्क ब्रेक आणि किमान २०० मिलिमीटरच्या चकत्या ही पहिली नोंद. नवे पॅड बसवल्यावर सपाट रस्त्यावर मध्यम वेगातून पुनःपुन्हा वेग कमी करून ते चकतीशी जुळवून घ्यावेत. त्याआधी डोंगरावर जाऊ नये. दुसरी नोंद हनुवटीसह संपूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट आणि गुडघे-कोपरांची कवचे. जोराचा आघात झालेले हेल्मेट वरून तडा दिसत नसला तरी बदलायचे असते; म्हणून जुने हेल्मेट स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. तिसरी नोंद जाड भिंतीच्या, सुमारे अडीच इंच रुंद टायरची. फ्रेम, फोर्क आणि शॉक यांची पायरी कोणती, हे यानंतर उरलेल्या रकमेतून ठरवावे. सीट आणि हातमोजे कृत्रिम साहित्याचे सहज मिळतात. चामडे टाळणाऱ्या घराला तेथे अडचण नाही.

खरेदीबरोबर खर्च संपत नाही. फोर्क आणि शॉकमधले तेल ठरावीक काळाने बदलावे लागते, पॅड झिजतात, टायर फाटतात. घसारा धरल्यावाचून मांडलेला ताळेबंद जसा खोटा, तसा देखभालीची रक्कम बाजूला न काढता केलेला हा हिशेबही खोटाच.

आणि एक मर्यादा आधीच आखावी. सुट्या भागांचा बाजार असा आहे की दरवर्षी काहीतरी अधिक हलके, अधिक चकचकीत येते आणि कालचे समाधान आज अपुरे वाटू लागते. श्रावकाच्या पाचव्या अणुव्रतात परिग्रहाचे परिमाण ठरवण्यास सांगितले आहे, ते वस्तू हाती येण्यापूर्वी. रकमेचा आकडा मुलाला सोबत बसवून, त्याच्याच हाताने वहीत लिहवून घ्यावा. त्या आकड्याच्या आत ब्रेक आणि हेल्मेट पहिल्या प्रतीचे बसत नसतील, तर सायकल पुढच्या वर्षावर टाकावी. त्यांची प्रत उतरवू नये.

उतारावर चाक आवळून घसरत जाणारा स्वार वाटेची माती खरवडतो, पावसात तेथेच चर पडतात आणि काठावरची सूक्ष्म जीवसृष्टीही चिरडली जाते. चांगला स्वार वळणापूर्वीच, सरळ वाटेवर, बेताने वेग उतरवतो. त्याची दृष्टी चाकाखाली नसून पुढच्या वाटेवर असते. आपल्या परंपरेत यालाच यतना म्हणतात. रीपॅकच्या वाटेवर ब्रेक जळत होते, कारण वेगाला पुरे पडेल असे साधनच त्या तरुणांजवळ नव्हते. आज ते साधन पैसे मोजून मिळते. ते यादीत सर्वांत वर लिहिण्याचा विवेक मात्र घरातच द्यावा लागतो.