ॲक्सलला जागेवर धरणाऱ्या दांड्या

दिवाळीत अस्तंब्याची यात्रा भरते तेव्हा तळोद्याकडून सातपुड्यात चढणाऱ्या गाड्यांची रीघ लागते. चांदसैलीचा घाट असो की अक्कलकुव्याहून मोलगीला नेणारा देवगोईचा, डांबर सुटून पाड्याची वाट लागली की गाडीची परीक्षा सुरू होते. एक चाक दगडावर, दुसरं चारीत. अशा वेळी चारही चाकं जमिनीला टेकलेली राहणं, हीच गाडीची ताकद. इंजिनाचा जोर त्यानंतरचा.

या डोंगरात वर्षानुवर्षं चाललेल्या महिंद्राच्या एमएम ५४० आणि कमांडर या चारही चाकांना पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग, असलेल्या गाड्या. बोलेरोलाही मागे पाटेच आहेत. पाटा दोन कामं करतो: वजन झेलतो आणि ॲक्सलला जागेवर धरतो. तुटला तर तालुक्याच्या गावात मिळतो, सेंटर बोल्ट आणि यू-बोल्ट खोलता येणारा कुणीही तो बदलतो. पण जाड, कडक पाट्यांचं चाक फारसं खाली लोंबत नाही. खड्ड्यावर ते हवेत राहतं आणि नुसतंच फिरतं. चढावर जोर दिला की पाटा इंग्रजी ‘एस’सारखा पिळवटतो आणि ॲक्सल उड्या मारू लागतो.

म्हणून दगडधोंड्यांत खेळणाऱ्या गाड्यांनी कॉइल स्प्रिंग घेतली. १९७० च्या रेंज रोव्हरने लांब हालणारी कॉइल स्प्रिंग चारही चाकांना देऊन तिचा फायदा जगाला दाखवला. आपल्या नाशिकच्या कारखान्यात तयार होणाऱ्या २०२० च्या थारलाही मागे अखंड ॲक्सल, कॉइल आणि मल्टीलिंक आहे. कॉइल फक्त वजन झेलते. ॲक्सलला पुढे-मागे, आडवं सरकू न देणं आणि गरगर फिरू न देणं, हे सगळं मग दांड्यांवर येतं. या दांड्या म्हणजेच लिंक.

नेहमीची मांडणी चार दांड्यांची. खालच्या दोन चासीपासून ॲक्सलपर्यंत जवळपास सरळ, वरच्या दोन तिरप्या, त्रिकोण करणाऱ्या, म्हणजे ॲक्सल आडवा सरकत नाही. पुढे इंजिनामुळे तेवढी जागा नसते. तिथे तीन लिंक आणि आडवा पॅनहार्ड रॉड बसवतात. हा रॉड स्टिअरिंगच्या आडव्या दांडीला समांतर आणि जवळपास तेवढ्याच लांबीचा हवा, नाहीतर प्रत्येक खड्ड्याला स्टिअरिंग हातात ओढ घेतं.

सगळ्यात जास्त विचार ॲक्सलजवळच्या उंचीचा करावा. वरचा आणि खालचा लिंक यांच्यातलं उभं अंतर टायरच्या व्यासाच्या पाव भागाएवढं तरी ठेवावं, असा बनवणाऱ्यांचा ठोकताळा आहे. ३१ इंची टायरला सुमारे ८ इंच. ॲक्सलचा पीळ या दोन लिंकांनीच झेलायचा असतो, त्यामुळे अंतर निम्मं केलं की लिंकवरचा जोर दुप्पट होतो. ब्रॅकेट उपटून निघतात ते बहुतेक इथेच. बाजूने पाहून दोन्ही लिंकांच्या रेषा मनाने पुढे वाढवायच्या. त्या कुठे मिळतात त्यावर चढावर गाडीचं बूड दबेल की उचलेल हे ठरतं. जास्त उचललं तर चाक थरथरून पकड सोडतं.

आता लिंक लेथवर कसा तयार होतो ते पाहू. खालचा लिंक दगडावर आपटतो, म्हणून त्याला जाड नळी. ५० मिमी व्यासाची, ६ मिमी जाडीची नळी घेतली तर तेवढ्याच वजनाच्या भरीव सळईपेक्षा वाकण्याला ती जवळपास अडीचपट टिकते. गाडी नेहमीच्या उंचीवर उभी करून बोल्टच्या मध्यापासून मध्यापर्यंत माप घ्यायचं, त्यातून दोन्ही टोकांच्या जोडांची लांबी वजा करायची आणि मग नळी कापायची. टोकांत आटे पाडलेले गट्टू घट्ट बसवून भोवती वेल्डिंग करायचं, शिवाय नळीला भोकं पाडून तिथेही. एका टोकाला उजवे आटे, दुसऱ्याला डावे. मग चेकनट सैल करून नुसती नळी फिरवली की लिंक लांब-आखूड होतो, खोलावा लागत नाही. मात्र जोडाचे आटे त्यांच्या व्यासाच्या दीडपट तरी आत राहिलेच पाहिजेत. वेल्डिंगवर घाईने पाणी मारू नये. जोड ठिसूळ होतो.

टोकाला रॉड एंड, म्हणजे गोळ्यावर फिरणारा धातूचा जोड, लावला तर हालचाल मोकळी मिळते, पण धूळ-चिखलात तो लवकर खडखडतो. चासीच्या बाजूला रबरी बुश धक्के पितो. माझी पसंती अशा मिश्र जोडणीला आहे. ब्रॅकेटला दोन्ही बाजूंनी कान हवेत, बोल्ट एका कानावर लटकता कामा नये. भोक गॅसने जाळू नये, ड्रिलनेच पाडावं.

पक्कं वेल्डिंग सर्वांत शेवटी. आधी नुसते टाके मारायचे, स्प्रिंगा काढायच्या, चासी घोडीवर ठेवायची आणि एक चाक जॅकने पूर्ण वर, दुसरं पूर्ण खाली न्यायचं. ब्रेकचा पाइप ताणतो का, प्रोपेलर शाफ्टचा जॉइंट अडकतो का, टायर कुठे घासतो, हे तेव्हाच दिसतं. हा टप्पा गाळलेली गाडी मी चालवणार नाही.

अशा गाड्यांचं मैदान आपल्याजवळच आहे. मलेशियात १९९७ मध्ये सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजची भारतीय स्पर्धा २०१४ पासून गोव्याच्या पावसात भरू लागली. इगतपुरीला महिंद्राचं ऑफ-रोड प्रशिक्षण केंद्र आहे. रस्त्याचा कायदा मात्र वेगळा: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत नोंदणीतला तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. म्हणून घरी बनवलेल्या लिंकची गाडी ट्रेलरवर चढवून मैदानापर्यंत न्यावी.

एमएच ३९ पाटी लावून धडगाव-मोलगीच्या वाटेवर माणसं नेणाऱ्या गाडीची चासी कापू नका. तिचे पाटेच नीट ठेवा. घाट चढण्याआधी तडकलेला पाटा, सैल यू-बोल्ट आणि झिजलेला शॅकलचा बुश स्वतः वाकून तपासा.